तळाची तिसरी पट्टी

"भावोजी, हा कंटाळा येतो म्हणजे नेमका कुठं येतो? डोक्यात की पोटात?"

माझ्या मेहुण्याने मला हा प्रश्न विचारला तेव्हा तो मिशा पिकू लागलेला, एका मुलीचा बाप असलेला चांगला जाणता माणूस होता. चेष्टा करत नव्हता. जन्मात दात न दुखलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दाढेची चौकशी करावी, तशा काळजीने विचारत होता. मी त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेलो होतो आणि तासाभरात तीनदा जागा बदलून, टेबलावरचं जुनं मासिक मागच्या पानापासून पुढच्या पानापर्यंत वाचून, शेवटी "फार कंटाळा आला बुवा" असं म्हणून बसलो होतो.

मला कंटाळा येण्याला निमित्त लागत नाही. आंघोळीला गेलो तर शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूर वाचतो, आणि तो आता रसायनांच्या नावांसकट पाठ झाला आहे. रांगेत उभा राहिलो तर पुढच्या माणसाच्या सदऱ्यावरच्या चौकडीत मनातल्या मनात फुली-गोळा खेळतो. तेव्हा या विषयातला जाणकार म्हणून मी त्याला सांगितलं, "येतो तो सगळीकडून येतो रे. भिंतीला ओल येते ना, तसा."

"हां," तो म्हणाला, आणि परत खिडकीबाहेर बघायला लागला.

खिडकीबाहेर भिंत होती.

त्याला घरात, गल्लीत आणि पुढे कामावरही सगळे 'खांब्या' म्हणत. हे नाव शाळेत पडलं. गुरुजींनी त्याला कसल्याशा खोडीबद्दल वर्गाबाहेर उभं केलं आणि ते विसरून गेले. शाळा सुटली, शिपायाने खोल्यांना कुलपं लावली, तरी हा उभाच. माझ्या सासूबाई शोधत शोधत आल्या तेव्हा म्हणाला, "जा म्हणाले नाहीत." सासूबाईंनी विचारलं, "अरे, पण इतका वेळ करत काय होतास मेल्या?" तर म्हणाला, "समोर टाकी भरत होती."

बाकी भावंडं हुशार होती. हा तसा कशातच नव्हता. पण घरात त्याची किंमत कळली ती दुधामुळे. दुधाचा स्वभाव सगळ्या जगात सारखाच. तुम्ही बघत असलात की ते साधूसारखं शांत बसून राहतं, आणि तुम्ही पाठ फिरवलीत की तेवढी एकच वेळ साधून शेगडीवर येतं. खांब्याची पाठ फिरत नसे. "दुधावर खांब्याला बसवा," हा माझ्या सासरचा रोजचा हुकूम होता. तो पातेल्यासमोर स्टूल घेऊन बसे, आणि साय थरथरून कडेने वर येऊ लागली की शांतपणे गॅस बंद करी. त्या घरात शेगडीला दुधाचा डाग म्हणून नव्हता. माझी बायको लग्न होऊन आमच्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात दूध उतू गेलं, तेव्हा ती आतल्या खोलीत पळाली. तिला वाटलं, काहीतरी फुटलं.

अशा माणसाला नोकरी कुठली मिळावी? त्याला पोहता उत्तम येत असे आणि बसता त्याहून उत्तम. तो पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक म्हणून लागला.

तलाव तुम्ही पाहिले आहेत, तसाच हाही. निळ्या फरश्या, नाकात जाणारा औषधाचा वास, ओल्या पायांचे ठसे, कुणाचा तरी हरवलेला टॉवेल. काठाला मध्यावर लोखंडी शिडीची एक उंच खुर्ची, आणि त्या खुर्चीवर आमचा खांब्या. येणारे-जाणारे त्याच्याकडे बघून हसत. पोरं पैज लावत की तो डोळे उघडे ठेवून झोपतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो पाण्याकडे बघत असे, आणि तेही असं, की त्याला पोहणारी माणसं दिसतच नाहीत असं वाटावं.

ते खरंच होतं. तो माणसं बघत नव्हता.

हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं, आणि पुढे एकदा मला. "लोकांना वाटतं, बुडणारा ओरडतो, हातपाय झाडतो. ओरडायला हवा लागते, भावोजी. हवा असती तर तो बुडला कशाला असता? तो गुपचूप जातो. शेजारी पोहणाऱ्याला कोपरसुद्धा लागत नाही."

"मग तू बघतोस काय?"

"पट्ट्या."

तलावाच्या तळाशी, निळ्या फरश्यांत, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. पोहणाऱ्याने सरळ जावं म्हणून असतात त्या. खांब्या सबंध दिवस त्या पट्ट्या बघे. पाणी हललं की पट्ट्या सापासारख्या वळवळतात, त्यांना वळवळू द्यायचं. वरून कुणी पोहत गेलं की पट्टी क्षणभर तुटते आणि परत जुळते, तिला जुळू द्यायचं. पण एखादी पट्टी तुटली आणि जुळलीच नाही, की तिथे कुणीतरी आहे. मग विचार करत बसायचं नाही.

"पण दिवसभर काळ्या रेघा बघायच्या म्हणजे..." मला नुसत्या कल्पनेने जांभई आली.

"सारख्या नसतात त्या," तो म्हणाला. याहून जास्त त्याला सांगता येत नव्हतं.

इतक्या वर्षांत त्याने कितीतरी जणांना वर काढलं होतं. पण इतक्या लवकर, की काढलेल्यालाही आपण बुडत होतो याचा पत्ता नसे. खांब्याने मधेच उडी मारली, एका पोराला बखोटीला धरून काठावर ठेवलं, आणि निथळत परत खुर्चीवर जाऊन बसला, एवढंच लोकांना दिसे. पोराची आई उलट याच्यावरच डाफरे, "अहो, हळू ना जरा! हात उपटाल त्याचा!" त्या तलावात कधी कुणी बुडालं नाही. त्यामुळे त्याने कधी कुणाला वाचवलं, असंही कुणाला वाटलं नाही.

आणि मग तिथे नवे मॅनेजर आले.

माणूस देवमाणूस. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात एखादा दुष्ट माणूस सापडला असता तर बरं झालं असतं. मॅनेजरसाहेब सगळ्यांची विचारपूस करत, झाडणाऱ्या बाईच्या गुडघ्याची चौकशी करत. फक्त त्यांना रिकामा माणूस बघवत नसे. त्यांनी दोन-चार दिवस खांब्याकडे पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला.

"किती कंटाळत असाल हो तुम्ही!" त्यांनी खुर्चीखाली उभं राहून वर बघत म्हटलं. "नुसतं बसायचं म्हणजे शिक्षाच की. डोकं गंजून जाईल."

"नाही साहेब, ठीक आहे," खांब्या पट्ट्यांवरची नजर न काढता म्हणाला.

"माझ्याकडे बघतसुद्धा नाही बिचारा," साहेबांनी कचेरीत जाऊन सांगितलं. "किती मरगळलाय."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नियमांचा रंगीत फलक लागला. काठावरून पळू नये. सूर मारू नये. टोपीशिवाय उतरू नये. पाण्यात गुळण्या करू नयेत. आणि खांब्याच्या गळ्यात लाल दोरीची नवी शिट्टी आली. शिट्टी आधीही होती, पण ती घराच्या दुसऱ्या किल्लीसारखी खिशात पडून असे. आता साहेब म्हणाले, "कुणी नियम मोडला की वाजवायची. म्हणजे तुमचाही वेळ जाईल आणि तलावाला शिस्तही लागेल."

वेळ जाऊ लागला.

पहिल्या दिवशी खांब्याने दोन-तीनदा वाजवली, तीही दचकत. पण पळणाऱ्या पोरांचा तोटा नसतो. शिट्टी वाजली की पोरगं जागच्या जागी थिजतं, सगळा तलाव वळून बघतो, आणि वर खुर्चीवर बसलेल्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कळतं की आपण इथे आहोत. दोन आठवड्यांत त्याचा हात तयार झाला. पळण्यासाठी आखूड, सूर मारण्यासाठी लांब, गुळणीसाठी मधे थरथरणारी. लोक त्याला ओळखू लागले, "काय खांबकाका, आज किती विकेटी?" म्हणून विचारू लागले. साहेब खूष झाले. "बघा, माणूस कसा खुलला!"

खुलला होता खरा. घरी गोष्टी सांगू लागला. आधी "आज काय झालं?" या प्रश्नाला त्याचं "काही नाही" हे उत्तर ठरलेलं असे, आणि तेच त्याच्या नोकरीचं यश होतं. आता तो जेवताना तलावावरच्या गमती सांगून सगळ्यांना हसवी. त्याची मुलगी बिट्टी खोलीतून धावत आली की त्याचा हात नकळत गळ्याकडे जाई. "बाबा, मी पळाले नाही हं, भरभर चालले," ती जागच्या जागी थांबून म्हणे. आम्ही पोट धरून हसत असू.

माझ्या मेहुण्याची बायको मात्र हळूहळू हसेनाशी झाली. वहिनी बोलकी, फटकळ. तिला गप्प झालेलं पाहिलं की घरातला पंखा बंद पडल्यासारखं वाटे.

एका रविवारी त्याचा फोन आला. आवाज दबलेला.

"भावोजी, आला."

"कोण आला?"

"तुम्ही म्हणायचात तो. कंटाळा. मानेच्या मागून येतो."

मी मोठ्याने हसलो. "अरे वा! या, आमच्यात स्वागत आहे. आता काय करतोयस?"

"काही नाही. खिडकीत बसलोय. समोर भिंत आहे." मग म्हणाला, "भिंतीत काहीच नाहीये हो."

फोन ठेवल्यावर हे मी बायकोला गंमत म्हणून सांगितलं. तिला ती गंमत वाटली नाही. आणि दोन-तीन दिवसांनी वहिनीचा फोन आला, तो मात्र बायकोनेच घेतला. ऐकता ऐकता ती खुर्ची ओढून बसली.

"काय झालं?"

"त्यांच्याकडे दूध उतू गेलं."

"मग फडक्याने पुसा म्हणावं."

"तुम्ही जरा गप्प बसा," ती म्हणाली. "तो दुधासमोरच बसला होता."

मला वाटतं, माझा हसण्याचा सूर तेव्हा प्रथम अडकला. कंटाळा या विषयावर माझा जन्म गेला, पण त्याच्याकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं. मी समजत होतो की समोर काही नसलं की कंटाळा येतो. तसं असतं तर खांब्याला तो पाळण्यातच यायला हवा होता. कंटाळा समोरच्या भिंतीत नसतोच. आपलं लक्ष हे लहान मुलासारखं आहे, त्याला जेवणाआधी गोळ्या-बिस्किटं देत राहिलं की ताटावर बसायलाच तयार होत नाही. शिट्टी दर थोड्या वेळाने त्याला एक गोळी देत होती. पट्टी काहीच देत नव्हती. तिला द्यायचं असे ते कधीतरी, अचानक, आणि तेही एकदाच.

वहिनीने त्याला सरळ विचारलं. ते बोलणं तिने नंतर माझ्या बायकोला जसंच्या तसं सांगितलं.

"अहो, तुम्ही पट्ट्या बघता ना अजून?"

"बघतो की."

"कधी?"

"मधून मधून."

भांडी घासता घासता तिचे हात थांबले. "मधून मधून म्हणजे?"

"अगं, इतकी माणसं असतात, इतके नियम असतात. एकटा माणूस किती ठिकाणी बघेल? आणि काही होत नाही तिथे. इतक्या वर्षांत कधी काही झालंय का?"

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं आणि तिने हातातलं भांडं तसंच खाली ठेवलं. तिथे काही का होत नाही, हे आजवर त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी तलावावर जाऊन बसायला लागली. निमित्त होतं बिट्टीच्या पोहण्याच्या शिकवणीचं. काठावरच्या बाकावर टॉवेल मांडीवर घेऊन ती बसे. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. पाण्याशी तिची ओळख बादलीपुरती. इतर आया शेजारी गप्पा मारत, मोबाइल बघत, विणत. "किती टक लावून बघता हो लेकीकडे! कुठे जात नाही ती," एक जण तिला म्हणाली. बिट्टी उथळ टोकाला फळीला धरून पाय मारत होती. वहिनी तिकडे बघतच नव्हती. ती तळाशी बघत होती, जमेल तेवढा वेळ. डोळे चुरचुरत. मधेच स्वयंपाकाचे विचार येत, ते ती माशी हाकलावी तसे हाकलत असे.

त्या वेळी रोज पोहायला येणाऱ्यांत एक टेलरमास्तर होते. अंगाने भरलेले, बोलायला महाग. ते खोल टोकाला, बरोबर तिसऱ्या पट्टीवर, पाठीवर पडून तरंगत राहत. हात नाही, पाय नाही, पोट तेवढं बेटासारखं वर. दिवसभर मान मोडून शिलाई करायची आणि संध्याकाळी तासभर पाण्यावर पाठ टाकायची, एवढाच त्यांचा व्यायाम. पोरं त्यांना वळसा घालून जात. त्यांच्याकडे कुणी बघत नसे, कारण त्यांच्यात बघण्यासारखं काही घडतच नसे.

त्या दिवशी मी बिट्टीला आमच्याकडे न्यायला म्हणून तलावावर गेलो होतो. वहिनीशेजारी बाकावर बसलो. समोर, शिडीपाशी, एक गृहस्थ पाण्यात उतरत होते. त्यांचं टक्कल इतकं संपूर्ण होतं की त्यात दिव्यांची रांग दिसत होती. खांब्याने शिट्टी वाजवली.

"टोपी!"

"कशाला हवी टोपी?" गृहस्थ कमरेवर हात ठेवून म्हणाले.

"केस पाण्यात पडू नयेत म्हणून."

"शोधा! वरून चांगलं दिसतं तुम्हाला. एक केस दाखवा, मी दोन टोप्या घालून पोहतो."

पोरं खिदळली. खांब्याही खुर्चीवर पुढे सरसावला. त्याच्या डोळ्यांत अशी चमक मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. "नियम सगळ्यांना सारखा, काका."

"मग आधी स्वतःच्या मिशीला टोपी घाला! माझ्या अख्ख्या खानदानात नाहीत तेवढे केस आहेत त्यात!"

सगळा तलाव हसत सुटला. पोहणारे हात थांबवून काठाला लटकले, बायका बाकावरून माना उंच करून बघू लागल्या, कचेरीच्या खिडकीतून साहेब डोकावले. मी डोळे पुसत हसत होतो. खांब्या हसत होता, शिट्टी दातांत धरलेली, आणि गृहस्थांना उत्तर देण्यासाठी ओठ जुळवत होता. सगळे थांबल्यामुळे पाणी निवळत चाललं होतं. हे मला फार उशिरा आठवलं. पाणी इतकं स्वच्छ, इतकं स्तब्ध मी कधी बघितलं नव्हतं. तळ आरशासारखा दिसत होता. कुणीही बघितलं असतं तर दिसलं असतं.

माझ्या शेजारचा टॉवेल खाली पडला. वहिनी उभी राहिली होती.

"पट्टी!"

तो आवाज हसण्याच्या वरून गेला. लोकांनी वळून बघितलं. त्यांना शब्दाचा अर्थ लागेना. काही जण त्यालाही हसले.

"अहो! तिसरी पट्टी!"

खांब्याने मान वळवलीसुद्धा नाही. तो खुर्चीवरून तसाच सुटला. चेहऱ्यावरचं हसू पुसायलाही त्याला वेळ मिळाला नाही, ते तसंच त्याच्याबरोबर पाण्यात गेलं.

तळाशी टेलरमास्तर होते. पाठीवरच होते, नेहमीसारखे. फक्त खाली.

पुढचं फार सांगत नाही. त्यांना वर आणायला खांब्याबरोबर तिघे लागले. काठावरच्या ओल्या फरशीवर खांब्या त्यांच्या छातीवर दाब देत होता, आणि शिट्टी अजून त्याच्या दातांतच असल्यामुळे त्याच्या प्रत्येक श्वासाला ती बारीक वाजत होती. पिर्र. पिर्र. कुणालाच ती काढायचं सुचेना. टक्कलवाले गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी कुठून तरी एक टोपी मिळवून घातली होती, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग मास्तरांच्या तोंडातून पाणी आलं, आणि खोकला आला. रुग्णवाहिका आली. बिट्टी फळी छातीशी धरून उभी होती. "काका," तिने मला विचारलं, "ते आधीपासून खाली होते का?"

टेलरमास्तर वाचले.

मॅनेजरसाहेबांनी छोटासा समारंभ केला. चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र दिलं. "इतक्या हसण्याखिदळण्यात, इतक्या गोंधळातही आपल्या खांबकाकांचं लक्ष बघा!" ते मनापासून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर कामात एकही चूक न करता ज्याला एक टाळी मिळाली नव्हती, त्याला पहिल्या चुकीबद्दल ही एवढी मोठी दाद मिळाली. तो मान खाली घालून फरशीकडे बघत होता. वहिनी शेवटच्या रांगेत बसली होती.

पण खरी भेट नंतर आली. टेलरमास्तर दवाखान्यातून घरी आले, दुकानात बसू लागले, आणि त्यांनी पहिलं काम केलं ते खांब्यासाठी एक पॅन्ट शिवण्याचं. उत्तम कापड. काठीच्या आधाराने स्वतः घरी घेऊन आले. "जीव दिलात मला," एवढं एकच वाक्य, तेही शब्द शोधत शोधत. खांब्याने ती घातली आणि आरशासमोर उभा राहिला.

"बाबा, एक पाय वर आहे," बिट्टी म्हणाली.

डावा पाय बोटभर आखूड होता. बुडण्याआधी सबंध गावात या मास्तरांची कात्री सूतभर चुकत नाही अशी ख्याती होती. वहिनी घाईघाईने म्हणाली, "त्यात काय, मी दुमड सोडून सारखी करते."

"नको," खांब्या म्हणाला. त्याने वाकून त्या पायाला बोट लावलं. "राहू दे. एवढा उशीर झाला मला."

ती पॅन्ट त्याने घडी घालून कपाटात ठेवली नाही. दाराच्या मागच्या खुंटीला टांगली, येता-जाता दिसेल अशी.

त्यानंतर तलाव दुरुस्तीसाठी बंद राहिला, आणि खांब्याने घरात दुधावर बसायला सुरुवात केली. त्याने स्वतःशीच ठरवलं होतं की दुधावरची नजर पूर्वीसारखी बसली तरच खुर्चीवर चढायचं. रोज सकाळी स्टूल, पातेलं आणि तो. पहिले दिवस वाईट गेले. दूध समोर असताना त्याचे कान गल्लीतल्या पावलांकडे जात, हात रिकाम्या गळ्यापाशी चाळवत. "आधी मी काही करत नव्हतो हो," तो मला म्हणाला. "बघणं आपोआप व्हायचं. आता मी बघतो, आणि मी बघतोय की नाही हेही बघतो. त्यात दूध वर येतं." मला यावर विनोद सुचला होता. मी तो केला नाही.

पुढे पुढे जमू लागलं. शेगडी स्वच्छ राहू लागली. माझी बायको म्हणाली, "आला आमचा खांब्या परत." तलाव उघडायचा त्याच्या आदल्या सकाळी आम्ही दोघं मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. स्वयंपाकघरात सगळे उभे होतो. दूध तापत होतं. कडेला बारीक बुडबुडे आले. साय ताणली गेली.

दाराची बेल वाजली.

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. वळून बघतो तर खांब्याने गॅस बंद केलेला, आणि साय पातेल्याच्या काठाला लागून हळूहळू खाली बसत होती. बिट्टीने टाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोने डोळ्याला पदर लावला.

दारात मॅनेजरसाहेब होते. खास घरी आले होते. "उद्या तुमची खुर्ची वाट बघतेय!" ते हसत म्हणाले. "आणि यंदा तुमच्यासाठी वर छत्री लावलीय, शेजारी छोटा रेडिओही ठेवणार आहे. बसून बसून विटू नये माणसाने."

खांब्या उठला. दारामागच्या खुंटीवरून, पॅन्टच्या शेजारून, त्याने लाल दोरीची शिट्टी काढली आणि साहेबांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"बेल वाजली तेव्हा मी दाराकडे पाहिलं, साहेब."

"मग? बेल वाजल्यावर सगळेच बघतात."

"हो," खांब्या म्हणाला. "सगळेच."

"अरे, पण दूध गेलं नाही ना!" माझी बायको कळवळून म्हणाली.

"आज नाही गेलं, ताई."

साहेबांनी पुष्कळ समजावलं. बिचाऱ्यांना काही कळत नव्हतं, पण वाईट मात्र खरंच वाटत होतं. शेवटी त्यांनी त्याला पंपाच्या खोलीत काम दिलं, गाळण्या धुणं, पाण्यात औषध टाकणं. चहा पिऊन निघताना ते दारात थांबले, शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत म्हणाले, "बरं, खुर्चीवर मिळेल कुणीतरी. नुसतं बसायचंच तर असतं."

मिळालं. मी परवा तलावावर गेलो होतो तेव्हा तो नवा माणूस वर बसला होता. छत्री छान आहे. रेडिओवर गाणं चाललं होतं, आणि तो हनुवटीवर मोबाइलचा उजेड घेऊन, मधूनच मान वर करून शिट्टी वाजवत होता. शिस्त वाखाणण्यासारखी होती. टोपीशिवाय पाण्यात कुणीही नव्हतं.

काठावरच्या बाकावर खांब्या आणि वहिनी शेजारी शेजारी बसले होते. पंपाची खोली बंद केली की तो रोज तिथे येऊन बसतो. दोघं बोलत नाहीत. एकाचे डोळे दमले की तो दुसऱ्याच्या गुडघ्याला हात लावतो, मग दुसरा बघतो. बिट्टी आता खोल टोकाला पोहायला जाते.

मीही त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, आपणही बघू. तिसरी पट्टी धरली. वळवळली, तुटली, जुळली. परत तुटली, जुळली. मी नेटाने बघत राहिलो. मग मानेच्या मागून काहीतरी हळूच चढू लागलं, आणि तेवढ्यात रेडिओवर माझ्या आवडीचं गाणं लागलं. मी क्षणभर वर बघितलं. क्षणभरच असावं.

घाईने परत खाली पाहिलं. पट्टी सरळ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तेव्हा तरी होती.